जोराचा फटका नेमका कुठे बिघडतो?



आपल्या मोठ्या गटातली पाच-सहा मुलं शाळा सुटल्यावर स्नूकर खेळायला जातात, हे आता सर्वांना ठाऊक झालं आहे, कारण मधल्या सुट्टीत दुसरा विषयच निघत नाही. त्यांची तक्रार मात्र एकच आहे. हळू मारलं की चेंडू सांगितल्यासारखा जातो आणि जोरात मारलं की वाटेल तिकडे जातो. संपादक ताई म्हणाल्या, "तुम्ही इंजिनिअर आहात, जरा समजावून लिहा." माझं रोजचं काम कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधले दोष हुडकून काढण्याचं. तेव्हा हा लेख कसलेल्या खेळाडूचा नसून दोष हुडकणाऱ्याचा आहे असं समजून वाचावा. ज्यांनी स्नूकर पाहिलेलं नाही त्यांनी घरचा कॅरम डोळ्यांपुढे आणला तरी निम्मं कळेल.

स्नूकर हा इंग्रजांचा खेळ खरा, पण त्याचा जन्म भारतातला. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावर जास्तीचे रंगीत चेंडू मांडून हा खेळ सुरू केला. (पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते वेगळे बरं का.) नंतर उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहून लावले गेले. आणि आपल्या पुण्याचंही नातं आहे. १९५८ मध्ये बिलियर्डचे हौशी जगज्जेते झालेले विल्सन जोन्स पुण्यात जन्मले आणि पंकज अडवानीचा जन्मही पुण्याचाच. पण इतिहासासाठी वेगळा लेख लागेल. आपण फटक्याकडे वळू.

मुळात जोर लागतो कशाला? स्नूकरचं टेबल केवढं मोठं असतं ते आधी पाहा. खेळायची जागा ११ फूट साडेआठ इंच लांब आणि ५ फूट १० इंच रुंद. चेंडू फक्त साडेबावन्न मिलिमीटर व्यासाचा. पांढरा चेंडू एका टोकाला आणि पुढचा रंगीत चेंडू दुसऱ्या टोकाला, अशी वेळ दर डावात येते. नुसता चेंडू पॉकेटमध्ये घालायचा असेल तर फार जोर लागत नाही. जोर लागतो तो पांढऱ्या चेंडूला नंतर हव्या त्या जागी आणण्यासाठी, विशेषतः तो मागे खेचून आणायचा असेल तेव्हा. याला स्क्रू म्हणतात.

स्क्रूमध्ये काय घडतं? पांढऱ्या चेंडूला मध्याच्या खाली मारलं की तो पुढे जाताना उलटा फिरतो. सुरुवातीला तो कापडावर गडगडत नाही, घसरत जातो. घसरताना कापडाच्या घर्षणामुळे उलटी गिरकी हळूहळू कमी होते, मग संपते आणि चेंडू साधा गडगडू लागतो. समोरच्या चेंडूवर आदळताना थोडी तरी उलटी गिरकी शिल्लक असेल तरच पांढरा मागे येणार. आता गणित असं आहे की एकाच जागी मारलं, तर ही गिरकी किती अंतर टिकेल ते वेगाच्या वर्गावर ठरतं. वेग दुप्पट केला तर अंतर चौपट. हळू मारून गिरकी जर २५ सेंटिमीटर टिकत असेल, तर दुप्पट वेगाने ती १ मीटर टिकेल. म्हणून लांबच्या स्क्रूला वेग हवाच, त्याला दुसरा इलाज नाही. पण वेग हवा म्हणजे ताकद हवी, असं जे सगळे धरून चालतात, तिथेच गाडी चुकते.

आपल्याच वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं, "काका, माझ्या हातात ताकद नाही का?" ती ज्या क्लबात जाते तिथल्या एका मोठ्या माणसाने तिला सांगितलं होतं की मुलींनी लांबच्या स्क्रूच्या भानगडीत पडू नये, त्यांच्या हातात तेवढा जोर नसतो. ज्युनिअर स्पर्धेत नाव द्यावं की नाही, असा तिला प्रश्न पडला होता. मी तिला म्हटलं, "थांब, आपण हिशेब करू." चेंडूचं वजन साधारण १४० ग्रॅम. सेकंदाला ६ मीटर, म्हणजे ताशी २१ किलोमीटरहून जास्त वेग धरला, तर चेंडूत जाणारी ऊर्जा अडीच ज्यूल भरते. एक किलो साखरेचं पाकीट पाव मीटर उचलायला तेवढीच लागते. क्यू आणि हात हलवायला लागणारी ऊर्जा वेगळी धरली, तरी रोज शाळेचं दप्तर खांद्यावर टाकण्यापुढे ती काहीच नाही. महिलांची जागतिक स्पर्धा बारा वेळा जिंकणारी रिॲन इव्हान्स ताकदीच्या जोरावर जिंकली नाही. तेव्हा "जोर नाही" हे निदानच चूक आहे. निदान चुकलं की औषधही चुकतं. मुलं आणखी ताकद लावतात आणि फटका आणखी बिघडतो.

बिघडतो म्हणजे किती बिघडतो, तेही पाहू. क्यू टेकवलेल्या हातापासून (याला ब्रिज म्हणतात) मागच्या मुठीपर्यंत सुमारे एक मीटर अंतर असतं. फटका मारताना मूठ ४ मिलिमीटर बाजूला सरकली समजा. मार चेंडूच्या मध्यावरच बसला, फक्त दिशा तेवढी चुकली असं धरू. १ मीटरला ४ मिलिमीटर, म्हणजे दीड मीटरला ६ मिलिमीटर. दीड मीटरवरच्या चेंडूवर पांढरा ६ मिलिमीटर बाजूला आदळला. चेंडू गोल असल्यामुळे ही चूक आता वाढते. समोरचा चेंडू साडेसहा अंशांनी भलतीकडे जातो आणि पुढच्या एका मीटरमध्ये साडेअकरा सेंटिमीटर चुकतो. पॉकेटचं तोंड साडेतीन इंचांच्या आसपास, म्हणजे जेमतेम नऊ सेंटिमीटर असतं. मूठ चार मिलिमीटर हलली आणि चेंडू अख्ख्या पॉकेटहून जास्त चुकला! जोरात मारताना मूठ चारच मिलिमीटर हलेल याची खात्री कोण देणार?

त्यात आणखी एक भर. वेगाने आलेल्या चेंडूसाठी पॉकेट जणू लहान होतं. चेंडूला अर्ध्या चेंडूइतकं, म्हणजे सव्वीस मिलिमीटर, खाली पडायला सेकंदाचे सुमारे सात शतांश लागतात. सेकंदाला १ मीटर वेगाचा चेंडू तेवढ्यात सात सेंटिमीटर सरकतो, ५ मीटर वेगाचा पस्तीस. म्हणून हळू आलेला चेंडू पॉकेटच्या कडेला घासूनही आत पडतो आणि वेगाने आलेला दोन्ही कडांवर आपटून बाहेर फेकला जातो. कॅरममध्ये जोरात मारलेली सोंगटी भोकावरून उडून जाते, तो हाच प्रकार.

आता सवयींकडे येऊ. मी मुलांचे फटके फोनवर घेतले आणि घरी सावकाश लावून पाहिले. चारच सवयी पुन्हा पुन्हा दिसल्या आणि गंमत अशी की त्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या.

सर्वात मोठी सवय म्हणजे उठणं. जोरात मारायचं म्हटलं की डोकं आणि खांदा वर येतो, जणू चेंडू कुठे गेला हे पाहायची घाई झाली आहे. टिप आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या एक-दोन सहस्रांशाइतकाच असतो. खरं म्हणजे तो होऊन गेल्यावर तुम्ही टेबलाभोवती लेझीम खेळलात तरी पांढऱ्या चेंडूला त्याचा पत्ता लागणार नाही. मग शिकवणारे "खाली राहा, खाली राहा" असं का ओरडतात? कारण आपलं शरीर सहस्रांश सेकंदाचं घड्याळ पाळू शकत नाही. "मारून झालं की उठायचं" असं मनात असलं, की उठण्याचा हुकूम मारण्याच्या हुकुमाबरोबरच सुटतो आणि खांदा आधीच हलतो. खांदा हलला की कोपर हललं, कोपर हललं की मूठ. वरचे चार मिलिमीटर तिथून आले. क्यू पुढे नेण्याचंही असंच आहे. चेंडू गेल्यावर क्यू पुढे गेल्याने चेंडूला काही जास्त मिळत नाही. पण जो क्यू चेंडूपाशीच थांबणार असतो, त्याला चेंडूच्या आधीच ब्रेक लागलेला असतो.

दुसरी सवय मूठ आवळण्याची. घट्ट धरलं की हाताचं सगळं वजन चेंडूमागे येतं, असं मुलांना वाटतं. तसं होत नाही. तळहात मऊ असतो. एवढ्या कमी वेळात हाताचा धक्का क्यूमधून चेंडूपर्यंत पोहोचतच नाही. चेंडूला कळतो तो फक्त क्यूचा वेग आणि क्यूचं वजन. उलट घट्ट मुठीमुळे मनगट आखडतं, क्यूची मागची बाजू उचलली जाते आणि क्यू किंचित पिळला जातो. क्यू कसा धरावा? भाकरीच्या पिठाचा गोळा हातात घेतो तसा, न दाबता आणि न सोडता. क्यू मागे जाताना शेवटची दोन-तीन बोटं थोडी उघडतात, पुढे येताना आपोआप मिटतात. फटक्याच्या शेवटी मूठ घट्ट झाली तर होऊ द्यावी, आधी नको.

तिसरी सवय घाईची. क्यू मागे नेताना झटका, मागे गेल्या गेल्या पुढे झटका. यावर शाळेतलंच सूत्र लागू पडतं. वेगाचा वर्ग म्हणजे दोन गुणिले त्वरण गुणिले अंतर. क्यू १५ सेंटिमीटर मागे नेऊन जो वेग गाठायचा, तोच ३० सेंटिमीटर मागे नेऊन गाठला तर त्वरण निम्मं पुरतं. म्हणजे बळही निम्मं. ज्यांना "जोर नाही" असं सांगण्यात आलं आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. क्यू सावकाश मागे न्या, क्षणभर थांबा आणि मग वेग हळूहळू वाढवत आणा. मागे जास्त नेण्यासाठी ब्रिज चेंडूपासून थोडा लांब ठेवावा लागतो. पण चार-पाच सेंटिमीटरहून जास्त लांबवू नका, कारण ब्रिजपुढचा क्यू जितका लांब तितकी टिपची चूकही मोठी. इथे देणं-घेणं आहे आणि प्रत्येकाने आपलं माप टेबलावर शोधायचं.

चौथी सवय सर्वात फसवी, कारण ती केल्यावर दोष दुसरीकडेच दिसतो. ती म्हणजे कोपर आधी खाली पडणं. फटका मारताना दंड स्थिर आणि कोपरापासून खालचा हात घड्याळाच्या लंबकासारखा हलायला हवा. टिप चेंडूला लागते त्या क्षणी हा लंबक बरोबर उभा असला, तर मूठ आडव्या रेषेत चाललेली असते. पण जोर लावण्याच्या नादात कोपरच खाली आलं तर मूठही खाली येते, आणि ब्रिजवर तराजू असल्यासारखी टिप वर जाते. मूठ २ सेंटिमीटर खाली आली तर ब्रिजच्या २५ सेंटिमीटर पुढे असलेली टिप ५ मिलिमीटर वर जाईल. आता लक्षात घ्या, चेंडूच्या मध्याखाली फार तर १३ मिलिमीटरपर्यंतच मारता येतं. त्यापलीकडे टिप घसरते. त्या १३ मधले ५ गेले की एक तृतीयांशाहून जास्त गिरकी गेली. पांढरा मागे येण्याऐवजी जागीच थबकतो. मुलगा म्हणतो, "जोर कमी पडला." मग तो आणखी खाली आणि आणखी जोरात मारतो. पुढच्या वेळी कोपर पडलं नाही की टिप चेंडूच्या तळाशी लागते आणि चेंडू उडतो. आमच्या धंद्यात याला दुसऱ्या जागी ठिगळ लावणं म्हणतात. मूळ दोष तसाच राहतो आणि ठिगळामुळे नवा दोष उभा राहतो.

कोपर टिप लागल्यानंतर खाली आलं तर चालतं का, यावर शिकवणाऱ्यांत दोन मतं आहेत. माझं मत असं की आधी ते स्थिर ठेवायला शिकावं, नंतरचं नंतर पाहावं.

आता आपल्यात यातली कोणती सवय आहे हे कसं ओळखायचं? टेबलावरच त्याची सोय आहे. तपकिरी, निळा, गुलाबी आणि काळा या चार चेंडूंच्या खुणा टेबलाच्या मधोमध एका सरळ रेषेत असतात. पांढरा चेंडू तपकिरी खुणेवर ठेवा. बाकी टेबल मोकळं करा. निळ्या, गुलाबी आणि काळ्या खुणांवरून समोरच्या कुशनच्या मध्यावर मारा. फटका सरळ असेल तर चेंडू त्याच रेषेवरून परत येऊन तुमच्या टिपपाशी पोहोचेल. जाताना सरळ गेला पण कुशनवरून वाकडा परतला, तर नकळत बाजूची गिरकी लागली आहे, म्हणजे टिप मध्यावर बसत नाही. जातानाच रेषेबाहेर गेला, तर आधी क्यूची दिशा तपासा. सोपा वाटतो हा प्रयोग, पण करून पाहा म्हणजे कळेल!

हा प्रयोग तीन वेगांनी करायचा. आधी चेंडू जेमतेम परत येईल इतका हळू, मग मध्यम, मग जोरात. बहुतेकांचा चेंडू एका ठरावीक वेगापर्यंत सरळ जातो आणि त्यापुढे एकदम फाटतो. तो तुमचा आजचा वेग. नवा प्रोग्रॅम लोकांच्या हाती देण्याआधी आम्ही त्याच्यावर भार वाढवत नेतो आणि तो कुठे मोडतो ते पाहतो, तसंच हे आहे. सराव त्या वेगाच्या किंचित खाली करावा. दहापैकी आठ सरळ येऊ लागले की थोडा वाढवावा. एकदम पूर्ण जोराने शंभर फटके मारणं म्हणजे वाईट सवय शंभर वेळा गिरवणं.

उठण्याच्या सवयीवर जुना उपाय आहे आणि तो स्वस्तही आहे. मित्राला तुमच्या डोक्यावर दोन बोटं अंतर ठेवून हात धरायला सांगा. डोकं हाताला लागलं की फटका बाद. मित्र नसेल तर फटका मारल्यावर तसंच वाकून मोठ्याने "एक, दोन, तीन" म्हणा आणि मगच उठा. (क्लबात लोक पाहतील. पाहू द्या. मराठीतून मोजलंत तर आणखी बरं.) क्यू सरळ चालण्यासाठी घरी जेवणाच्या टेबलावर रिकामी बाटली आडवी ठेवून तिच्या तोंडातून क्यू आत-बाहेर करा, काचेला न लावता. बाटली प्लॅस्टिकची घ्यावी आणि आईला आधी विचारावं, हे सांगायला नको.

आणि एका वेळी एकच सवय हाती घ्या. उठणं, मूठ आणि कोपर एकदम सुधारायला गेलात, तर फटका सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कळणार नाही, आणि बिघडला तर त्याहून कळणार नाही. माझ्या मते क्रम असा असावा: आधी उठणं, मग घाई, मग मूठ, शेवटी कोपर. पहिल्या दोन सुटल्या की उरलेल्या दोन पुष्कळदा आपोआप निम्म्या होतात. मॅचच्या आठवड्यात मात्र काहीही बदलू नका. नव्याने शिकलेलं दडपणाखाली आधी पळतं आणि जुनी सवय हजर होते.

पालकांसाठी दोन ओळी. मुलं टीव्हीवर जड ट्रम्पचा तो लांबलचक स्क्रू पाहतात आणि दुसऱ्या दिवशी तसाच मारायला जातात. त्यात वाईट काही नाही. पण त्यांना विचारा की त्याच डावात त्याने हळुवार फटके किती मारले. मोजायला लावा. आणि मुलाचा फटका चुकल्यावर "जोर लाव" असं बाजूने ओरडू नका.

ज्या मुलीचा वर उल्लेख केला, तिच्या चित्रणात टिप लागण्याआधीच खांदा वर येताना स्पष्ट दिसतो. गेले तीन आठवडे ती फक्त "एक, दोन, तीन" मोजते आहे. तिने स्पर्धेत नाव दिलं आहे.

बाकीच्यांनी तपकिरी खुणेवरून तीन वेगांनी दहा-दहा असे तीस फटके मारावेत आणि चेंडू परत येताना रेषेपासून किती वितींवर गेला ते वहीत लिहून आणावं. पुढच्या महिन्यात वर्ग सुटल्यावर अर्धा तास बसू आणि फळ्यावर सगळ्यांचे आलेख काढू. रकान्यांची नावं मराठीत लिहायची आहेत.